जिप्सीचा नंबर आणि शकुबाईची चूल

मित्रांनो, मोहर्लीला आलात तर जंगलाच्या फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर शकुबाईचं घर लागतं. अंगणात गवती चहाच्या बेटाशेजारी एक बिनछपराची जिप्सी उभी दिसेल. तिच्या बॉनेटवर बहुतेक एक कोंबडी बसलेली असेल. कोंबडीला हुसकू नका, तिला ऊन हवं असतं. पण खालच्या जिप्सीकडे जरा पाहा. ती मी.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. एकसारख्या इतक्या जणी रांगेत उभ्या होतो, की त्यातली मी कोणती हे मलाच सांगता आलं नसतं. पहिली काही वर्षं मी ऊर्जानगरच्या एका साहेबांकडे होते. ते मला भाजी आणायला नेत आणि शेजाऱ्यांना दिसेल अशी उभी करत. मग गडचांदूरच्या एका ठेकेदारानं मला चुनखडीच्या धुळीत इतकं पळवलं, की माझा मूळ रंग कोणता यावर लोक पैजा लावत. शेवटी प्रवीणनं मला घेतलं. त्यानं माझं छप्पर कापलं, मागे पायऱ्यांसारख्या सीटा बसवल्या, धरायला लोखंडी दांडा जोडला आणि मला हिरवा रंग दिला. छप्पर गेलं तेव्हा वाईट वाटलं होतं. पण पहिल्याच सकाळी डोक्यावर अख्खं आभाळ दिसलं आणि मी छपराचं नाव टाकलं.

जंगलातली माझी वर्षं फार धावपळीची गेली. मला मुळातच एका जागी करमत नाही. इंजिन बंद केलं तरी मी थोडा वेळ टकटक करत राहते. पहाटे फाटकावर रांग लागली, की पुढची गाडी कधी हलते आणि मी कधी सुटते, असं व्हायचं. आणि पाठीवर बसलेली माणसं! त्यांचा जमाखर्च मी मनातल्या मनात मांडत असे. वाघ दिसला, की श्रेय डोळ्यांना. नाही दिसला, की दोष गाईडला. मोठा कॅमेरावाला गप्प असतो, छोट्या मोबाईलवाला दर वळणावर "तो बघा!" म्हणून दगड दाखवतो. वाघ अगदी जवळून गेला तर उतरताना माझ्या बॉनेटवर थाप मारतात, "लकी गाडी आहे हं!" दुसऱ्या दिवशी तीच माणसं माझ्याकडे न बघता दुसरीत चढतात. मी मनाला लावून घेत नसे. मला पळायला मिळालं, की माझं खातं बरोबर.

जंगलाचा एक कडक नियम आहे. आत गेल्यावर कुणीही गाडीतून खाली पाय ठेवायचा नाही. काहीही झालं तरी नाही. म्हणजे फाटकातून आत शिरले, की मी एक छोटं जहाजच. माझ्यावर चढलेल्यांनी जे करायचं ते माझ्यावरच करायचं.

मागच्या हिवाळ्यात ठाण्याहून एका सोसायटीची मंडळी आली. तीन गाड्या भरतील एवढी. ती उतरली शकुबाईकडेच. शकुबाई म्हणजे प्रवीणची आई. गावच्या समितीच्या परवानगीनं तिनं घराच्या मागे पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या होत्या. तिच्या हातची लाखोरीची डाळ आणि कोथिंबिरीनं ठासून भरलेली सांबारवडी खाऊन माणसं वाघाचं विसरत. मंडळींचे पुढारी होते सोसायटीचे सेक्रेटरी, सबनीस काका. त्यांच्याबरोबर त्यांची नात इरा होती. काकांनी कित्येक महिने आधी सफारीचं बुकिंग केलेलं. त्याचे पैसे परत मिळत नाहीत, हे त्यांनी सगळ्यांना इतक्यांदा सांगितलं होतं, की मलाही पाठ झालं.

पहिल्याच सकाळी काका, इरा आणि आणखी काही जण माझ्यावर चढले. प्रवीण चालवायला, शेजारी गाईड म्हणून गावातलीच स्वाती. थंडी अशी, की मंडळी ब्लँकेटांत गुंडाळून बसलेली. इरा मात्र गप्प होती आणि तिचा रंग उतरलेला होता. स्वातीनं मागे वळून विचारलं, "काय वो बाई, बरं नाई वाटून राह्यलं का?"

"तिला गाडी लागते," काका घाईघाईनं म्हणाले.

मला राग आला. माझ्यावर हा आळ नवा नव्हता, पण मी अजून नीट वेगही घेतला नव्हता. तळ्याजवळ पोचलो आणि बिचारी पोर ओकली. सीटवर, दांड्यावर, आजूबाजूच्यांच्या ब्लँकेटवर. खाली उतरायची सोय नाही. प्रवीणनं आपलं धूळ पुसायचं पिवळं फडकं काढलं, बाटलीतलं पाणी ओतलं आणि सगळं पुसलं. तो स्वच्छतेचा भोक्ता. रोज सकाळी त्याच फडक्यानं तो माझी सीट, दांडा, आरसा पुसतो. पुसल्यावर मी चकचकीत दिसत होते. मग सगळ्यांनी बाटल्यांतलं वासाचं जेल हातावर चोळलं आणि वाघाच्या पावलांचे ठसे पाहायला माना लांब केल्या.

दुपारी प्रवीणनं सीटवरून पुन्हा ते फडकं फिरवलं आणि दुसऱ्या एका कॅम्पची नागपूरची पार्टी माझ्यावर चढली. सगळे दांडा धरून उभे. मध्येच चिवड्याची पुडी फिरली. दांड्यावरचा हात पुडीत, पुडीतला हात तोंडात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शकुबाईच्या घरी एक जण ओकला. मग त्याची बायको. मग एकामागून एक. संडासाच्या दारापुढे अशी रांग लागली, की मला फाटकावरची आमची रांग आठवली. मी अंगणात उभी राहून सगळं पाहत होते, आणि माझं लोखंड नुसतं अस्वस्थ होत होतं. मला माहीत होतं ना! पण हॉर्नसुद्धा मला स्वतःहून वाजवता येत नाही.

सबनीस काका पोट धरून अंगणात आले. हातात मोबाईल. "शकुबाई, तुमची ती लाखोरी म्हणजे खेसारीची डाळ! हिच्यावर बंदी होती, माहीत आहे का? इथे लिहिलंय, पाय लुळे पडतात!"

शकुबाई म्हणाली, "पाय लुळे पडले का तुमचे, भाऊ? तुम्ही तं घडीघडी पळून राह्यले."

दुखण्यातही दोन-तीन जण हसले. पण हसणं तिथेच संपलं. कुणीतरी तक्रारीचे फोन केले होते. सकाळी आरोग्य पथक आलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, घाईत होत्या, पण आवाज शांत. त्यांनी आधी सगळ्यांना मीठ-साखरेचं पाणी सुरू केलं, दोघांना सलाईन लावली. मग स्वयंपाकघरात जाऊन डाळीचा आणि पाण्याचा नमुना घेतला.

"बाई, राग मानू नका," त्या शकुबाईला म्हणाल्या. "सगळ्यांनी खाल्लं ते इथलंच. तपासणीचा निकाल येईपर्यंत चूल बंद ठेवा."

समितीचे लोक अंगणाच्या फाटकाशी उभे होते. अन्नातून झालं असं ठरलं, तर पाहुणे ठेवायची परवानगी जाणार, हे त्यांनी तिथूनच सांगितलं. शकुबाईनं डाळीचं भरलेलं पातेलं उचललं, मागे नेऊन उकिरड्यावर ओतलं आणि माझ्या पायदानावर येऊन बसली. आयुष्यात प्रथमच मी तिला दिवसाउजेडी रिकाम्या हातानं बसलेलं पाहिलं.

"बाबू," ती प्रवीणला म्हणाली, "एवढ्या वर्षांत माझ्या हातचं खाऊन कोनाच्या पोटात दुखलं नाई. माझ्या हाताले काय झालं रे?"

"काई नाई झालं, माय."

"मंग हे मानसं काऊन पडले? नाई, मी आता चुलीपाशी नाई जात. निकाल चांगला आला तरी नाई जात."

प्रवीण माझं स्टिअरिंग पुसायला लागला. त्याच पिवळ्या फडक्यानं. त्याला दुसऱ्या एका ड्रायव्हरनं पहाटेच फोन करून सांगितलं होतं, की परवा दुपारी माझ्यावर बसलेली नागपूरची पार्टीही आडवी झाली आहे. त्यांच्या कॅम्पवाल्यांनी ते झाकून ठेवलं होतं. ते लोक शकुबाईच्या घरचं पाणीसुद्धा प्यायले नव्हते. त्यांच्यात आणि ठाणेकरांत एकच गोष्ट सामाईक होती. ती मी.

स्वाती जवळ आली. तिलाही कळलं होतं. "प्रवीणभाऊ, सांग ना डॉक्टर बाईले. गाडीले तोंड नाई, तुले तं हाये."

"बोलाले काय जाते तुले?" प्रवीण दबक्या आवाजात म्हणाला. "गाडीतून रोग पसरला म्हणून नाव झालं, तं गाडीवाल्यांची संघटना सफारीचा नंबर कापते. जुनी गाडी हाये. एकदा लाइनीतून बाहेर निघाली, का तिले परत घेत नाई कोणी. मंग खाऊ काय?"

"आन नाई बोलला, तं माय काय खाईन?"

मित्रांनो, त्या वेळी मी कोणाच्या बाजूनं होते, ते विचारू नका. नंबर कापलेली जिप्सी म्हणजे काय, ते मी पाहिलं होतं. गावाबाहेर झुडपात उभ्या राहतात त्या, आणि वेली त्यांच्या दांड्यांवर चढतात. मला पळायचं होतं. पण पायदानावर शकुबाईचं वजन होतं, आणि ते रोजच्यापेक्षा फार जड लागत होतं.

प्रवीणनं फडकं मुठीत चुरगाळलं. दोन पावलं गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी डॉक्टर बाईंसमोर जाऊन उभा राहिला आणि भडाभडा सगळं बोलून मोकळा झाला. पोरगी ओकली ते, नुसतंच फडक्यानं पुसलं ते, दुपारची पार्टी, त्यांचं आजारपण. "माझ्या मायच्या डाळीचा दोष नाई, म्याडम. माझ्या गाडीचा हाये. माझा हाये."

"पण तिला तर गाडी लागली होती," सबनीस काका म्हणाले. आवाजात मात्र पहिल्यासारखा जोर नव्हता.

खोलीच्या दारातून इरा म्हणाली, "आजोबा, मी ट्रेनमध्येपण ओकले होते ना? तुम्ही म्हणालात, कुणाला सांगू नकोस, नाहीतर सफारी जाईल."

काकांचा चेहरा कसा झाला ते मी सांगत नाही. माणसाच्या पडत्या वेळी त्याचा हिशेब मांडू नये, एवढं मी शिकले आहे.

डॉक्टर बाई कुणावर ओरडल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या कॅम्पला फोन लावला, खात्री करून घेतली आणि मग सगळ्यांना समजावलं. हा पोटाचा विषाणू आहे. ओकारीतून आणि शौचातून बाहेर पडतो, हातावर आणि लोखंडावर चिकटून राहतो आणि हातानंच तोंडात जातो. नुसतं पुसल्यानं मरत नाही, फडक्याबरोबर फिरतो. वासाच्या जेलवर भरवसा नको, वाहतं पाणी आणि साबण हवा. आजाऱ्यांचा संडास वेगळा करा. दांडे, कड्या, नळ ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवा. बरं वाटल्यावरही दोन दिवस कुणी सफारीला जायचं नाही.

"बुकिंग..." कुणीतरी मागून पुटपुटलं.

"जाऊ द्या," काकाच म्हणाले.

मग डॉक्टर बाई शकुबाईकडे वळल्या. "आणि चूल पेटवा. यांना तांदळाची पेज लागेल, मऊ, मीठ घालून. आधी हात साबणानं धुवा म्हणजे झालं."

"मी नाई म्हटलं न चुलीपाशी जात," शकुबाई म्हणाली. पण ती माझ्या पायदानावरून उठली होती.

त्या दिवशी ज्यांनी डाळीला नावं ठेवली, ते सगळे तिच्या हातची पेज प्यायले. काकांनी कुणाची माफी मागितल्याचं मी ऐकलं नाही. पण त्यांनी आपली वाटी स्वतः मोरीवर नेली, साबणानं घासली, मग इराची घासली, मग शेजाऱ्याची. शकुबाई बघत होती. "राहू द्या भाऊ, घासून घासून भोक पाडान," ती म्हणाली. एवढ्यावर त्यांचं मिटलं.

माझं मिटलं नाही. संघटनेचा माणूस आला आणि त्यानं माझ्या काचेवरचा नंबर खरवडून काढला. माझ्या सीटा जाळल्या. शकुबाईनं पदर खोचून ब्लीचिंगच्या पाण्यानं मला दांड्यापासून पायदानापर्यंत धुतलं. इतकी स्वच्छ मी कारखान्यातून निघतानाही नव्हते. आता प्रवीण दुसऱ्याच्या नव्या गाडीवर चालक आहे. तिच्यात त्यानं साबण, पाण्याचा कॅन आणि ओकारीसाठी पिशव्या ठेवल्या आहेत. भंगारवाला अधूनमधून येऊन माझ्याभोवती फिरतो. प्रवीण म्हणतो, "पाहू." मी त्या "पाहू"वर जगते.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. पोटात ढवळलं तर लपवू नका, आणि कुणी लपवायला सांगितलं तरी लपवू नका. तुमच्या एका सफारीपेक्षा दुसऱ्याची चूल मोठी असते. हात साबणानं धुवा, वाहत्या पाण्यात, घाई न करता. आजारी माणूस पाहून आधी स्वयंपाकघराकडे बोट दाखवू नका. आणि आमच्यासारख्यांना नुसतं वरून चमकवू नका, नीट धुवा. आम्ही पळण्यासाठी आहोत, रोग वाहण्यासाठी नाही.

पहाटे गाड्या फाटकाकडे निघाल्या, की माझ्या बॉनेटखाली अजून काहीतरी हलतं. संध्याकाळी प्रवीण घरी येतो, माझ्या सीटच्या सांगाड्यावर बसतो आणि किल्ली फिरवतो. बॅटरी उतरू नये म्हणून, असं तो म्हणतो. मी सगळ्या अंगानं थरथरते. कोंबडी फडफडत खाली उडी मारते. आत नव्या पाहुण्यांसाठी फोडणी चुरचुरत असते.

"कुठी चाल्ला रे?" शकुबाई आतून ओरडते.

"कुठीच नाई, माय."

"मंग बंद कर ते, आन हात धुवून जेवाले ये."