लहानूच्या मांडवाचे खांब

सिंगापुरातल्या सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये पाहुणा आला की पद्माकर त्याला चहाआधी वडिलांची गोष्ट पाजत असे. “आमच्या दादांनी गावाकडच्या शेतावरची वेठबिगार कातकरी कुटुंबं मोकळी केली. कायदा यायच्या आधी, बरं का.” किती आधी, ते दर वर्षी थोडं वाढत असे.

त्या रविवारी पाहुणा आलेला श्रीनिवास ती गोष्ट ऐकत असतानाच गावाकडच्या कातकरी वाडीवरून व्हिडिओ कॉल आला. त्याच कुटुंबांतल्या सत्तरीच्या लहानूने फोनसमोर चपला काढल्या आणि तो उभा राहिला.

“मालक, नातीचं लगीन हाय. दारात मांडवाचं खांब रोवू का?”

“रोव की.”

“आन् घरकुलाचं? जागा नावावर नाय, म्हून अडलंय. यंदा नाय झालं तर जातंय.”

“बघू रे. तुला कोण हाकलतंय?”

“जी मालक.”

“बाबा, आजोबा उभे का? सिट डाउन सांगा ना, लाह,” पद्माकरची मुलगी इरा सिंगापुरी लकबीत म्हणाली.

फोन ठेवून पद्माकर श्रीनिवासकडे वळला. “बघ, अजून किती मान देतात!”

त्याच्या बायकोने, नंदाने, कप खाली ठेवला. “आधीच्या, सेम्बावांगच्या भाड्याच्या घरात मालकिणीने तोरणाला एक खिळा मारू दिला नव्हता. चिकटपट्टीने लावलेलं तोरण आरतीत पडलं. ‘हे काय जगणं?’ कोण म्हणालं होतं?”

“ते वेगळं.”

“वेगळंच. आपण तिथून सुटलो. लहानू अजून खांब रोवायला सिंगापूरला विचारतो.”

“दादांनी सोडलं ना त्यांना?”

“माणसं सोडली, त्यांच्या घराखालची जमीन ठेवली. मग ती जाणार कुठे? तुमच्याच शेतावर, तुम्ही द्याल त्या मजुरीवर.”

पद्माकरचे कान तापले. या स्वतःच्या घरात पेढे वाटून मारलेल्या पहिल्या खिळ्यावर दादांचा फोटो होता. त्याच्याकडे आज बघवेना.

त्याने पुन्हा व्हिडिओ कॉल लावला. “लहानू, चपला घाल. घराखालची जागा तुझ्या नावावर करून देतो. पुढच्या महिन्यात येतो. खांब हवा तिथे रोव, विचारू नकोस.”

लहानूने चपला घातल्या.

“आन् बाकीच्यांची? वाडीत म्या एकलाच हाय का?”

एकाला देऊन पुन्हा थोर व्हायला निघालेल्या पद्माकरची मान खाली गेली. “सगळ्यांची.”

लहानू बाजेवर बसला.

मंडळी, बेडी तोडल्याचा अभिमान आपण पिढ्यान्‌पिढ्या मिरवतो. पण सुटलेल्या माणसाला पाय टेकायला स्वतःची जागा मिळाली का, हे विचारत नाही. ती मिळेपर्यंत त्याची सुटका अर्धीच असते, आणि उरलेली अर्धी आपण अडवलेली असते.

त्यानंतर पद्माकरकडे आलेल्या पाहुण्यांना नुसता चहा मिळाला.