गळ्यावरच्या मुंग्या

या, जवळ या. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं सरका. देवानं इवल्याशा पाखराच्या गळ्यात केवढा झगमगाट ठेवलाय, आणि तो कागदावर उतरवताना एका घराची कशी धांदल उडाली, ते सांगतो.

जुन्या काळची गोष्ट. त्या घरात पुस्तकांसाठी छापलेली पाखरांची चित्रं हातानं रंगवत. लांबलचक टेबल, प्रत्येकीचा एकच रंग. थोरली सून पानं हिरवी करी, नणंद पंख भरी, कागद पुढं सरके. शेवटी हमिंगबर्डचा, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या इवल्या पाखराचा गळा: आधी सोन्याचा वर्ख, त्यावर पातळ लाल. तो मान सासूबाईंचा. पण त्यांचा हात थरथरायला लागला, म्हणून त्यांनी धाकट्या सुनेला बसवलं.

"हा गठ्ठा निभावलास तर गळा तुझा. नाहीतर हे काम दुसऱ्या घरी जाईल."

सुनेनं जीव ओतला. गळे असे झळकले की नणंद म्हणाली, "वहिनी, खिडकी लाव गं, उडून जातील!"

सकाळी पाहतात तर वाळत घातलेल्या प्रत्येक गळ्यावर मुंग्या!

"अगं, रंगात कालवलंस तरी काय?"

"काही नाही हो आई..." सून रडकुंडीला आली. मग तिलाच उमगलं. खोकल्यासाठी ती दिवसभर मध चाटत होती, आणि ओठांतून फिरवून ब्रशला टोक काढायची तर घरात सगळ्यांचीच सवय.

"जन्मभर फुलं लुटली," नणंद पाखराला म्हणाली, "आता भोगा!"

सासूबाईंनी कागद उजेडात तिरपा धरला. गळा निरखला.

"ही चमक माझ्या हातून कधी आली नव्हती."

मग हळूच फुंकर घालत म्हणाल्या, "चिरडू नका गं, तेही जीवच आहेत." मऊ ब्रश घेतला आणि प्रत्येक गळ्यावरून डिंकाचं पाणी फिरवलं. हात थरथरतच होता.

"आई, रेघेबाहेर जातंय..."

"जाऊ दे. पाणी कुणाला दिसतंय?"

डिंक वाळला, मध त्याखाली झाकला गेला. मुंग्या पुन्हा फिरकल्या नाहीत.

"गळा तुझा," सासूबाई खुर्ची ओढून सुनेशेजारी बसल्या, "शेवटचा हात माझा. आणि खोकला गेला तरी रंगात थेंबभर मध असू दे, चमक त्याचीच."

तेव्हा मंडळी, एखाद्या जुन्या चित्रात असा गळा झळकताना दिसला, तर सुनेचं कौतुक कराल ते कराच. पण वरून न दिसणारा हात फिरवणाऱ्या त्या माउलीलाही क्षणभर आठवा.