मालक ओळखणारी गाडी

भर थंडीत, सकाळी सकाळी, जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात एवढी माणसं मी प्रथमच पाहत होतो. सगळी एका रजईभोवती उभी होती. रजईखाली एक स्पोर्ट्स कार झोपलेली होती आणि रजईवर, बरोबर बॉनेटच्या जागी, एक करडं मांजर. दोघांपैकी कुणालाही उठवायची कुणाची छाती होत नव्हती.

या गाडीची ख्याती अशी, की ती आपला मालक स्वतः निवडते. परका माणूस किल्ली फिरवून थकला तरी हूं की चूं करत नाही. खरा मालक बसला, की पहिल्या फिरकीत जागी होते. एरवी म्हणे वर्षानुवर्षं झोपून असते. ही विद्या आमच्या जुन्या कचेरीत बऱ्याच जणांना अवगत होती, पण त्यांना बघायला गर्दी जमत नसे.

आवारवाल्याला लोक चक्रपाणी म्हणत. त्याचा आवाज इतका मऊ, की ऐकणाऱ्याला आपणच आजारी आहोत असं वाटावं.

"गाडी आपण घेत नाही," तो सांगत होता, "गाडी आपल्याला घेते. ती किती धावलीय ते विचारू नका. आईला कुणी वय विचारतं का?"

"डॉक्टर विचारतात," माझी धाकटी बहीण पुटपुटली.

ती स्वतः डॉक्टर आहे, जनावरांची. तिची म्हातारी व्हॅन म्हणजे तिचा अर्धा दवाखाना: मागे औषधांची कपाटं, पिंजरे आणि कशानेही न जाणारा ओल्या कुत्र्याचा वास. ती व्हॅनच आज पणाला लागली होती. कारण चक्रपाणीची अट अशी, की गाडीने निवडलं, तर घरची चालती गाडी तिथेच सोडून जायची. "मोह मागे ठेवावा लागतो," असं तो म्हणे. आणि आमच्या घरच्या मोहाचे कागद भाऊजींच्या नावावर होते.

भाऊजी, म्हणजे बहिणीचे यजमान, विम्याचे एजंट. उभ्या जन्मात त्यांनी लोकांना स्टुलावर चढायचीसुद्धा भीती घातली. पन्नाशी उलटली आणि या लाल गाडीवर त्यांचा स्वतःचाच पाय घसरला.

"आणि मी गाईकडे कशाने जायचं?" बहिणीने घरी विचारलं होतं.

"हिनेच. किती लवकर पोचशील बघ."

"वासरू मांडीवर घेऊन?"

यावर भाऊजींनी, गाडीने निवडलं तरच, असं गंभीरपणे सांगितलं. जणू मुलीकडून होकार यायचाय.

विधी सुरू झाला. बसणाऱ्याला चक्रपाणी पांढरे हातमोजे देई, कारण गाडीला उघडा स्पर्श सोसत नाही. रजई दारापुरतीच सरकवायची, बॉनेट उघडं पाडायचं नाही. गाडीला लाज वाटते. मग तो स्वतः मागे जाऊन, डिकीवर एक हात आणि नंबरप्लेटखाली एक हात ठेवून डोळे मिटी.

पहिला बसला पाववाला. तो सायकलवर आला होता. गाडी गप्प. दुसरा शिंपी, पायी आलेला. गाडी गप्प.

"मन स्वच्छ नाही," चक्रपाणी म्हणाला.

"आंघोळ करून आलोय," शिंपी म्हणाला.

मग भाऊजी. त्यांनी व्हॅनची किल्ली चक्रपाणीच्या ताटलीत ठेवली आणि हातमोजे चढवू लागले. तेवढ्यात बहिणीने मांजराचं डोकं खाजवण्याच्या निमित्ताने हात रजईखाली सरकवला आणि काढला.

भाऊजींनी किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. गर्दीतून एक मोठा सुस्कारा निघाला. भाऊजींचे डोळे भरून आले. लग्नात आले नव्हते इतके. मांजराने एक डोळा उघडला, आवाज ओळखला आणि पुन्हा मिटला.

"हे मांजर कुणाचं?" बहिणीने विचारलं.

"गाडीचा रखवालदार आहे तो," चक्रपाणी म्हणाला. "रोज सकाळी आपणहून येतो. मुक्या जिवांना तेज कळतं."

"कळतं खरं. ती किती वर्षं झोपली होती म्हणालात? भाऊसाहेब, झोपलेल्या गाडीचं अंग इतकं तापत नाही. यांनी किल्ली फिरवण्याआधीच मी हात लावून पाहिला. सकाळी कुणीतरी हिला चांगली पळवून आणलीय."

"ते तेज आहे, ताई."

"मग दुपारपर्यंत उतरणार नाही. गाडी बंद करा, आपण थांबू. यांना निवडलंय ना तिने? दुपारी पुन्हा निवडेल."

गर्दीला हे पटलं. फुकटचा चमत्कार दोनदा बघायला कोण नको म्हणेल? इतक्यात बहिणीचा फोन वाजला. एक गाय अडली होती. तिने ताटलीतली किल्ली उचलली. "दादा, गाडीला कुणाला हात लावू देऊ नकोस," असं मला बजावलं आणि व्हॅन घेऊन गेली. मी खुर्ची ओढून बॉनेटसमोर बसलो. चक्रपाणीने मला तीनदा चहाला आत बोलावलं. इतका आग्रह मला सासुरवाडीतही झाला नव्हता.

हळूहळू मांजर अस्वस्थ झालं. उठलं, आळस दिला, फिरून पाहिलं आणि तेज सोडून चालतं झालं.

दुपारी बहीण परतली. बाहीला वाळलेलं रक्त, चेहऱ्यावर हसू. "कालवड," तिने मला सांगितलं. आल्या आल्या ती चक्रपाणीला म्हणाली, "तुम्ही डिकीपासून जरा लांब उभे राहा."

भाऊजींनी किल्ली फिरवली. गाडी खोकली. पुन्हा फिरवली. डब्यात चमचे खुळखुळावेत तसा आवाज करत ती कशीबशी जागी झाली आणि मागून निळ्या धुराचा असा लोट सोडला, की मागचा भक्तगण दिसेनासा झाला.

"इंजिन आतून झिजलंय, ऑइल जळतंय," बहीण म्हणाली. "गरम असताना हे झाकलं जातं. म्हणून रजई, आणि ऊब कळू नये म्हणून हातमोजे."

पाववाला वाकून नंबरप्लेटखाली चाचपत होता. तिथे एक खटका निघाला. तो दाबला, की इंजिनाचा करंट बंद. गाडी तापल्यावर खटक्याला कुणी हात न लावता पाववाल्याने किल्ली फिरवली. गाडीने त्याला निवडलं. मग शिंप्याला निवडलं. मग मलाही. इतक्या सैल स्वभावाची गाडी मी पाहिली नाही. सायकलवाल्याची सायकल मात्र चक्रपाणीला नको होती, एवढंच सकाळचं गुपित.

"आज गाडीची तब्येत ठीक नाही," चक्रपाणी म्हणाला. ते दिवसभरातलं त्याचं पहिलं खरं वाक्य.

तर मंडळी, जुनी गाडी जरूर घ्या. हौसेला वय नसतं. पण ती थंड असताना सुरू करून बघा, कुणी हातमोजे दिले तर आधी ते काढा, आणि जो माणूस प्रश्न विचारू नका म्हणतो त्याला दोन जास्तीचे विचारा. गाडीबाबत हे खरं आहे, आणि जिथे जिथे रजई पांघरलेली दिसेल तिथेही.

भाऊजी व्हॅनपाशी येऊन उभे राहिले. "मला खरंच वाटलं गं, तिला मी आवडलो."

"मी निवडलंय तुम्हाला, थंड असताना," बहीण म्हणाली. "बसा आता. पण आधी त्याला उतरवा."

व्हॅनच्या बॉनेटवर, नुकत्याच थांबलेल्या इंजिनाच्या उबेत, करडं मांजर गाढ झोपलं होतं.