सिंकजवळचा बोर्ड

आमच्या शेजारच्या वायरमननं अख्ख्या वस्तीतले प्लगचे बोर्ड पाण्यापासून लांब नेले. त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला मात्र सिंकला इतका चिकटून होता, की नळ शिंकला तर बोर्डाला सर्दी व्हावी. "रविवारी काढतो," असं तो लग्नापासून म्हणत आला. कुठल्या रविवारी, एवढंच ठरायचं राहिलं.

तोवर नवरा-बायकोनं एक तोडगा काढला होता. भांडी घासायला उभी राहिली की ती हाक द्यायची, "अहो, पाणी." तो खुर्चीतूनच हात लांब करून मेन स्विच पाडायचा आणि म्हणायचा, "बंद." मगच नळ सुटायचा. घर अंधारात, संसार सुरळीत.

मग त्याचं विसरणं सुरू झालं. आधी हत्यारांची नावं गेली, मग माझं (त्यात फारसं नुकसान नव्हतं), मग लेकीचं. शेवटी बोलणंच आटलं. एक शब्द तेवढा राहिला. तिनं "पाणी" म्हटलं की "बंद". हात मात्र स्विचकडे जाईनासा झाला.

पहिला शॉक तिनं कुणाला सांगितला नाही. दुसऱ्या वेळी हातातलं पातेलं उडालं, आणि नेमकी लेक आलेली.

"आई, आजच्या आज हा बोर्ड काढायचा."

"राहू दे गं."

"आणि तुला काही झालं म्हणजे?"

"बोर्ड गेल्यावर हाक कशासाठी मारू? उगाच हाक मारलेली त्यांना कधी चालली नाही. आणि तेवढंच तर बोलतात आता."

दुपारी लेक पलीकडच्या गल्लीतला वायरमन घेऊन आली. हा आमच्या शेजाऱ्याचा धंद्यातला जन्माचा वैरी.

"तुझ्या घरात असला बोर्ड? आधी कळलं असतं तर माझं दुकान जोरात चाललं असतं की रे," तो खुर्चीकडे बघून म्हणाला.

पूर्वी खुर्चीतून दोन शिव्या आल्या असत्या. वैरी त्यांची जरा वेळ वाट बघत उभा राहिला. मग मेन पाडून त्यानं मागची वायर तोडली आणि नवा बोर्ड समोरच्या कोरड्या भिंतीवर बसवला. जुना उखडायला पेचकस लावला, तशी आई म्हणाली, "भाऊ, तो असू द्या."

त्यानं पेचकस खिशात टाकला.

आता त्या बोर्डात वीज नाही. तरी जेवणं झाली की ती सिंकपाशी उभी राहते, हाक देते, आणि "बंद" ऐकू येईपर्यंत नळाला हात लावत नाही.

हल्ली तिला भांडी घासायला फार वेळ लागतो.