झल्लाकच्या बागेतली फासकी

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात अहमदच्या नऊ शेळ्या गेल्या. आखाती बेटावरच्या झल्लाक गावामागे त्याची खजुरीची जुनी बाग होती. पाण्याअभावी तिचा अर्धा भाग रान झाला होता, आणि त्या रानात माणसाला न जुमानणाऱ्या भटक्या कुत्र्यांच्या टोळीने ठाण मांडलं होतं. समुद्रावरून बोचरा वारा सुटला की ती भुकेने पिसाळायची. अहमदचा गडी गुंडू सकाळी कुंपणात जायचा तर एखादी शेळी पोट फाडून पडलेली, आणि करडू असलं तर त्याचा पत्ताच नाही.

गुंडू चंदगडकडचा. बाग, पाणी, शेळ्या, सगळं एकटाच बघायचा. हे त्याचं चौथं वर्ष, १९७९ चं. डिसेंबरात त्याने लीव, गावी जायची रजा, मागितली तेव्हा अहमद म्हणाला होता, "बकरी बच्चा देगा, बच्चा बड़ा होगा, फिर जाव. इंशाल्ला." आता ती करडंच कुत्र्यांच्या पोटात चालली होती. त्यात गावाहून बायकोचं, रंभाचं पत्र आलं. दोनच ओळी. 'मामंजींनी अन्न सोडलंय. सारखं तुमचं नाव घेतात. यायचं तर आत्ताच या.'

गुंडूने पत्र घडी घालून ठेवलं. पण कुत्र्यांचा बंदोबस्त झाल्याशिवाय पुन्हा लीवचं नाव काढायची त्याची छाती नव्हती. काठीला ती कुत्री भीक घालत नव्हती. विष ठेवावं तर शेळ्याच तोंड लावायच्या. उरली फासकी. गावाकडे त्याचा बाप डुकरांच्या वाटेवर लावायचा तसली, ओढलं की आवळत जाणारा तारेचा फास.

"फंदा लगाऊँ, अरबाब?" त्याने मालकाला विचारलं.

"मफी! नहीं!" अहमद कडाडला. "रीम घूमता इधर."

रीम ही त्याची शिकारी कुत्री. लांब पायांची, वाऱ्यासारखी पळणारी. थंडी पडली की अहमद स्वतःची शाल तिच्या पाठीवर टाकायचा.

गुंडूने तीन दिवस कळ काढली. चौथ्या दिवशी दोन गाभण शेळ्या फाडलेल्या मिळाल्या. त्याने फोनवर अहमदला कळवलं, शिव्या ऐकून घेतल्या आणि संध्याकाळी मोटारीच्या जुन्या ब्रेकच्या तारेच्या पाच फासक्या करून कुत्र्यांच्या वाटेवर लावल्या. रीम मालकाच्या घरी, रिफा शहरात असायची, बागेत यायची ती शुक्रवारीच. दुसऱ्या दिवशी बुधवार होता.

बुधवारी उजाडता उजाडता रानातून किंकाळी आली. गुंडू फावडं घेऊन धावला. वाटलं, सापडलं एक!

तारेत रीम होती.

शेळ्यांचं ऐकून अहमद स्वतःच बंदूक घेऊन भल्या सकाळी आला होता आणि त्याने तिला टोळीमागे सोडलं होतं. पुढचा पाय तारेत हाडापर्यंत चिरला होता. ती जितकी ओढत होती तितकी तार रुतत होती, आणि चार कुत्री तिच्याभोवती फेर धरून होती.

गुंडूने आरडाओरडा करत फावडं फिरवलं. एकाने त्याच्या पोटरीचा लचका तोडला. त्या कुत्र्याच्या डोक्यात फावडं बसलं तसं ते जागीच कोसळलं आणि बाकीची पांगली. गुंडूने फास सैल केला. लांबून हाक येत होती, "रीम! रीम!" गुंडूने तार खिशात कोंबली.

अहमद धापा टाकत आला. मेलेलं कुत्रं, गुंडूच्या पायाचं रक्त, मांडीवर रीमचं डोकं. त्याने बंदूक टाकली, खाली बसून गुंडूचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

"तुम बचाया. अल्ला तुमको देगा."

गुंडूला ते सोसवेना. गप्प बसला असता तर खपून गेलं असतं. पण त्याने खिशातली तार काढून समोर धरली.

"मैं लगाया, अरबाब. और चार है उधर."

अहमदने तार हातात घेतली. मग अगदी हळू म्हणाला, "क्यों? हम ना बोला था."

"बाप मर रहा है मेरा. कुत्ता मरेगा, तो आप छोड़ेगा."

"बाप?" अहमद एकदम ओरडला. "तुम बोला लीव. बाप नहीं बोला! बाप बोलता तो हम उसी दिन प्लेन में बिठाता!"

खरंच, बापाचं गुंडूने कधी सांगितलंच नव्हतं.

रीम वाचली, पण पाय कापावा लागला. शनिवारी अहमद बागेत आला, पासपोर्ट आणि तिकीट गुंडूच्या हातात ठेवलं. व्हिसा कॅन्सल केला होता, म्हणजे परत यायची वाट बंद. "खलास," एवढंच म्हणाला. मुहर्रकच्या विमानतळापर्यंत त्याने स्वतः गाडी चालवली. वाटेत त्याने गुंडूकडे एकदाही बघितलं नाही. उतरताना मात्र थांबवून विचारलं, "पैर ठीक?" गुंडूने मान हलवली.

चौथ्या दिवशी तो घरी पोचला. रंभा अंगणात भांडी घासत होती. त्याला बघून तशीच राखेच्या हातांनी उठली आणि रडायला लागली. बाप जाऊन वीस दिवस झाले होते. पत्र वाटेत होतं तेव्हाच गेला. गुंडूने फासक्या लावल्या त्या संध्याकाळी इकडे तेरावाही उरकला होता.

"तार करायला सांगितलं होतं मी," रंभा म्हणाली. "भाऊजी म्हणाले, इतक्या लांबून कुठं पोचणार." मग डोळे पुसून तिने विचारलं, "किती दिवसांची लीव?"

गुंडू उंबऱ्यावर बसला. पोटरीची पट्टी सुटली होती. ती तो पुन्हा पुन्हा गुंडाळत राहिला.