इन्सर्टवर पाय

पुंजारामनं माझ्या पेडलला हळदकुंकू लावलं, तेव्हाच मी बोंब मारायला हवी होती. मी हसले, आणि तिथंच चुकलं.

आधी पेडलचं सांगते. मी सुवर्णा. जन्मापासून आंधळी, आणि डावा हात पोलिओनं नेला, तो नुसता शोभेला लटकतो. नाशिकच्या एका सरकारी कचेरीत मी टेलिफोन बोर्डावर होते. मग प्रत्येक टेबलावर थेट फोन आले आणि २००४ मध्ये माझा बोर्ड भंगारात निघाला. मला सांगितलं, कॉम्प्युटर जमत असेल तर ठेवू, पुण्याहून साहेब येऊन परीक्षा घेतील. नाहीच जमलं तर घरी बसा.

कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर टाकला होता. पडद्यावर जे असेल ते हा बाबा कानात वाचून दाखवतो, तेही इंग्रजीत, गोऱ्या साहेबासारखं नाकातून. पण त्याला हुकूम द्यायचा म्हणजे इन्सर्टचं बटण दाबून धरायचं आणि वर दुसरं बटण मारायचं. इन्सर्ट उजवीकडे, टॅब पार डाव्या टोकाला. एका हाताच्या बाईनं काय करावं? शिफ्ट आणि कंट्रोल एकदा दाबले की दाबलेलेच राहतील अशी सोय मशीनमध्ये आहे, इन्सर्टची नाही. हे ज्यानं ठरवलं ना, त्याचा एक हात मला आठवडाभर बांधून ठेवायचा आहे.

शेवटी भद्रकालीतले झुंबरमामा देवासारखे धावून आले. ते शिलाई मशिनच्या मोटरी दुरुस्त करतात. त्यांनी मोटरच्या पायपेडलमध्ये दारावरच्या घंटीचं बटण बसवलं आणि त्याची वायर कीबोर्डच्या आत नेऊन इन्सर्टला जोडली. आता पाय दाबला की इन्सर्ट. दोन महिन्यांत मी इतकी सराईत झाले की शेजारच्या टेबलावरचे दोन हातवाले, दोन डोळेवाले माझ्याकडून पत्रं टाइप करून घ्यायला लागले. फुकट्या लेकाचे!

तर खंडेनवमी. त्या दिवशी कचेरीत हत्यारांची पूजा. शिपाई पुंजाराम त्यातला पुरोहित. स्टेपलर, पंचिंग मशीन, जीपची चाकं, काही सोडत नाही. माझी आई भागुबाई मखमलाबादच्या आमच्या मळ्यातला झेंडू घेऊन आली होती, दरवर्षी येते. पुंजारामनं माझा पेडल कीबोर्डासकट उचलून लाल कापडावर ठेवला, आईनं त्याला हार घातला, हात जोडले. "माझ्या पोरीला सांभाळ रे बाबा," असं पेडलला म्हणाली. मला हसू आवरेना.

तेवढ्यात जीप वाजली. पुण्याचे साहेब! दसरा झाल्यावर येणार होते, पण देवीच्या गडावर दर्शनाला निघाले होते, वाटेत म्हणे हे उरकून टाकू.

"चला, सुरू करा," खुर्चीत बसत साहेब म्हणाले. "हे इंग्रजी पत्र आहे मशीनमध्ये. वाचा, सांगतो ते दुरुस्त करा. वीस मिनिटं."

"पुंजारामभाऊ, माझा पेडल खाली ठेवा."



"ताई, पूजलाय तो," पुंजाराम पुटपुटला. "कीबोर्ड घ्या, हाताचं चालतं. पण नवमीला पूजलेल्या वस्तूला पाय? माझ्या हातनं नाय व्हायचं."

"मग डोक्यावर घेऊ का?"

"ते चालंल," तो म्हणाला. अगदी मनापासून!

माझं डोकं फिरलं. म्हटलं, आण इकडे. पेडल टेबलावर घेतला, कीबोर्डच्या मागे, आणि वाकून कपाळानं दाबला. मशीन बोललं! पुन्हा वाकले, पुन्हा बोललं. दर हुकमाला एक साष्टांग. मागून कुणीतरी भक्तिभावानं घंटासुद्धा वाजवली, मेल्यानं. पण खाली वाकलं की कानावरचा हेडफोन घसरून गळ्यात यायचा. तो वर करायला एकच हात, तोवर पत्रातली ओळ निघून जायची. नाकात झेंडू, डोळ्यात कुंकू. दहा मिनिटं गेली आणि मी दुसऱ्याच वाक्यावर.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलेलं ऐकू आलं. "राहू द्या हो बाई. काम अवघड दिसतंय. तसं लिहितो."

  घरी बसायचं म्हणजे काय ते मला माहीत होतं. भाऊ-भावजयीच्या घरात एका कोपऱ्यातली सतरंजी, आणि पाहुणे आले की आत जायचं.

तेव्हा आईच्या बांगड्या वाजल्या, अगदी जवळ. तिनं पेडल उचलला. हार काढून टेबलावर टाकला, पदरानं कुंकू पुसलं.

"भागुबाई, पाप लागंल," पुंजाराम म्हणाला.

"लागू दे. माझ्या नावावर लाव."

ती खाली बसली. गुडघे दुखतात तिचे, बसताना कण्हली. माझी चप्पल काढली, माझा पाय दोन्ही हातांत धरला. मातीत काम करून खरखरीत झालेले हात. मी पाय ओढून घ्यायला गेले, आईनं पायाला हात लावायचा म्हणजे काय! तिनं सोडला नाही. पेडलवर नेऊन ठेवला आणि वर आपला तळवा दाबून धरला.

"माझ्या पोरीच्या पायानं जो देव बाटतो, तो मला नको," ती म्हणाली. "दाब गं."

मी दाबला. साहेबांना म्हटलं, "वेळ मोजा." पत्र संपलं तेव्हा चार मिनिटं शिल्लक होती, आणि साहेबांच्या मूळ मसुद्यातल्या दोन चुकासुद्धा मी काढून दिल्या होत्या. आई तेवढा वेळ टेबलाखालीच बसून राहिली.

साहेबांनी पेनाचं टोपण परत लावलेलं ऐकू आलं. मग खाकरले. "शेरा मी सांगतो, तुम्हीच टाइप करा."

त्यांनी इंग्रजीत सांगितलं, मी टाइप केलं. मग मशीनकडून वाचून घेतलं. माझं नाव त्याला धड उच्चारता येत नाही, तरी तेच नाव, आणि पुढे, कामावर कायम ठेवण्याची शिफारस. हेडफोन काढून मी तो टेबलाखाली आईच्या कानाला लावला आणि पुन्हा दाबलं.

"काय म्हणतंय?" आईनं विचारलं. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नाही.

मला सांगता येईना. रडत होते ना.