राजाच्या कारकुनाला एक कविता कमी पडली

हाल नावाच्या सातवाहन राजाचा कारकून बोईसर स्टेशनवर उतरला, तेव्हा त्याला कुणीच ओळखलं नाही. अंगावर धोतर, खांद्यावर ताडपत्रांचं गाठोडं आणि दोन हजार वर्षांचा थकवा. बाहेर कामगारांची गाडी उभी होती. मुकादम म्हणाला, "चलो, चलो, एक आदमी कम है," आणि त्याला घेऊन गेला. दोन दिवस त्यानं एका कारखान्यात पिंपं उचलली. तिसऱ्या दिवशी ओळखपत्र मागितलं, त्यानं राजमुद्रा दाखवली आणि त्याला फाटकाबाहेर काढलं. म्हणून तो चिंचणीला पोचला तो डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून.

त्याचं नाव देवू. त्याची अडचण अशी होती. हा राजा आजही लोकांच्या लक्षात आहे तो प्राकृतातल्या प्रेमाच्या कवितांमुळे. प्राकृत म्हणजे त्या काळच्या लोकांची बोली. शेतात, नदीवर, चुलीपाशी माणसं एकमेकांवर कसं प्रेम करतात, ते दोन-दोन ओळींत सांगायचं. अशा सातशे कविता होत्या. त्यातली एक देवूच्या ताब्यात असताना वाळवीनं खाल्ली. ती भरून दिल्याशिवाय त्याला रजा नव्हती. शिवाय नवी कविता तांब्याच्या पत्र्यावर कोरून आणायची होती, कारण वाळवी तांबं खात नाही.

कोरायचं काम म्हणून लोकांनी त्याला शांतारामकडे पाठवलं.

शांताराम डाय कोरायचा. डाय म्हणजे दागिन्यांचा पोलादी साचा. त्यावर पत्रा ठेवून ठोकला की नक्षी पत्र्यावर उमटते, पण उलटी उमटते. साच्यातलं फूल उजवीकडे झुकलेलं असेल, तर पत्र्यावरचं डावीकडे झुकतं. म्हणून साच्यात सगळं आधीच उलटं कोरावं लागतं. वहीवर आपलं नाव लिहा आणि वही आरशासमोर धरा. आरशात जे दिसेल, तसं शांताराम तीस वर्षं रोज कोरत होता.

लग्नालाही त्याच्या तीसच वर्षं झाली होती, आणि अठरा दिवसांपूर्वी त्याची बायको रखमा दांडीला माहेरी निघून गेली होती. जाण्याआधी ती एवढंच म्हणाली होती, "आज लग्नाला तीस वर्सं झाली. कायतरी बोला." शांताराम बराच वेळ विचार करून म्हणाला, "बांगडीची डाय अर्दीच हाय." तिनं पिशवी भरली. तेव्हापासून तो रोज दांडीला फोन लावायचा. ती उचलायची, तो घसा खाकरायचा, ती ठेवून द्यायची.

"मजकूर कुठंय?" शांतारामनं देवूला विचारलं.

"मजकूर नाही, तोच तर हवाय. तुझं कुणावर प्रेम आहे?"

शेजारचा नीलेश ओटीवर चहा पीत होता. त्याला ठसका लागला. "शांतारामकाका, तुमचं उत्तर सरकारी कागदावर जाणार हाय हां!"

"ती दांडीला गेली," शांताराम म्हणाला.

"झालं तर मग," देवूनं दौत उघडली. "दोन ओळी सांग."

"मना प्राकृत येत नाय."

"तू आत्ता बोललास तीच. लोकांची बोली चालते. फक्त एक नियम आहे. जिच्यावर कविता, तिनं स्वतः वाचून 'मान्य' म्हणायला हवं. नाहीतर रद्द."

शांतारामनं हातातलं काम बाजूला ठेवलं. पत्रा घेऊन तो आत गेला आणि कडी लावली. दुपारी बाहेर आला तेव्हा घामाघूम होता. देवूनं पत्रा हातात घेतला, आडवा केला, उभा केला, हेल्मेट काढून पुन्हा बघितला.

"ही कुठली लिपी?"

शांतारामनं कपाळावर हात मारला. हातानं सवयीनं सगळं उलटं कोरलं होतं.

नीलेशची बहीण किंजल धावत जाऊन आरसा घेऊन आली. शांतारामनं दोन्ही पंजे पत्र्यावर दाबून धरले. "तुमी कोनी नाय वाचायचं!" त्याचे कान लाल झाले होते.

मग किंजलनंच दांडीला फोन लावला. "रखमाकाकी, राजाचा मानूस आलाय. तुमची सही पायजे."

संध्याकाळी रखमा रिक्षातून उतरली. पिशवी तिनं रिक्षातच ठेवली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "थांब रे, लगेच परत जायचंय." अर्धी आळी ओटीसमोर जमली होती. देवूनं कमरेत वाकून पत्रा पुढे केला. "बाई, हा उलटा आहे. आरसा देऊ का?"

"आरसा कशाला? तीस वर्सं यांच्या डाया पुसतेय मी." तिनं पत्रा हातात धरला आणि सरळ घडाघडा वाचला:

*तू माठाशी वाकलीस की माझी हातोडी थांबते.*
*शेजारी म्हणतात, शांताराम म्हातारा झाला.*

शांताराम जमिनीकडे बघत होता.

"मान्य?" देवूनं विचारलं.

"नाय."

"का?"

"खोटं हाय. कधी थांबते? ठोक ठोक करून डोकं उठवलंय माजं."

देवू मटकन खाली बसला. "खरं असल्याचं सिद्ध झालं तर?"

"करा की."

लगेच सगळे आत शिरले. शांताराम पाटावर बसला आणि छिन्नी धरून ठोकू लागला. रखमा स्वयंपाकघरात जाऊन माठाशी वाकली. ठोक, ठोक, ठोक. हातोडी थांबली नाही.

"बगा!" रखमा तिथूनच ओरडली. "म्हनून मी सांगते."

"अगो, तू दिसतेस कुठं?" शांताराम रडकुंडीला आला. "मधी हा राजवाडा उभा हाय!" देवू हेल्मेटसकट नेमका दारात उभा होता.

देवू बाजूला झाला. नीलेशही सरला. आता पाटावरून माठ सरळ दिसत होता. शांताराम पुन्हा ठोकू लागला. माणसं कधी हातोडीकडे, कधी माठाकडे बघत होती. बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. कुणीतरी त्याला गप्प बसायला सांगितलं.

रखमानं पदर खोचला, झाकण काढलं आणि वाकली.

हातोडी वर गेली आणि वरच राहिली.

रखमानं वाकल्या वाकल्या मान वळवून बघितलं. शांताराम हात वर धरून बसला होता आणि त्याचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. ती तांब्याभर पाणी प्यायली. अगदी सावकाश. हातोडी तशीच. तिनं दुसरा तांब्या भरला.

"बाई, आता तरी मान्य म्हणा," देवू हात जोडून म्हणाला.

"मान्य. लिवून घ्या," रखमा म्हणाली. "किंजल, रिक्षातून माजी पिशवी आन गो. आनि कोनी बोलू नका, मना अजून तहान हाय."